कर्नलच्या आतून फाइल उघडायची असेल तर: कुठून, कोणाच्या नावावर, आणि बंद कोण करणार?

अंबड एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या युनिटमध्ये शीतगृहांचं तापमान नोंदवणारी यंत्रं बनतात. आत लिनक्स चालतं आणि सेन्सर कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड हाताळणारा कर्नलमधला कोड, आमचाच आहे. प्रत्येक सेन्सर आपापल्या परीने थोडा चुकतो, म्हणून त्याचं कॅलिब्रेशन एका फाइलमध्ये ठेवलेलं असतं. द्राक्षं शून्य अंशाच्या आसपास ठेवायची म्हटल्यावर अर्ध्या अंशाची चूकही महागात पडते. टीममध्ये नव्याने आलेल्या मुलाने एकदा विचारलं, "मॅडम, ती फाइल ड्रायव्हरमधूनच उघडून वाचली तर? एका ओळीचं काम आहे."

ओळ खरंच एक आहे. पण त्या ओळीमागे तीन प्रश्न उभे असतात: कुठे उभं राहून उघडताय, कोणाच्या नावावर उघडताय, आणि बंद कोण करणार. यूजर प्रोग्राममध्ये या तिन्हींची उत्तरं आयती मिळतात. प्रोसेस असते, तिचे हक्क ठरलेले असतात, आणि ती मेली की तिच्या उघड्या फाइली कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतः बंद करतो. कर्नलच्या आत मात्र हा सगळा हिशोब तुम्हीच ठेवायचा.

फंक्शनांची नावं मी इथे उच्चारानुसार देवनागरीत लिहिते आहे. कोडमध्ये मूळ इंग्रजी स्पेलिंग वापरा.

आधी ठरवा: उघडायची गरज आहे का?

कर्नलने फाइल उघडू नये, असं कर्नलची मंडळी वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. कारण साधं आहे. फाइल कुठे ठेवायची, तिचं नाव काय, फॉरमॅट कोणता, हे सगळं धोरण आहे, आणि धोरण यूजर स्पेसने, म्हणजे कर्नलबाहेर चालणाऱ्या प्रोग्रामांनी, ठरवायचं असतं. ड्रायव्हरमध्ये पाथ पक्का लिहिला की उद्या कोणी वेगळ्या पद्धतीने मांडलेल्या सिस्टिमवर तो चालवला तर तो तिथेच अडकतो. शिवाय मजकूर फोडून वाचणारा पार्सर कर्नलमध्ये लिहिला आणि त्यात एक चूक राहिली, तर नुसता प्रोग्राम पडून भागत नाही, सगळं यंत्रच पडतं.

म्हणून आधी आपलं काम कोणत्या जातीचं आहे ते बघा. दोन-चार आकडे द्यायचे असतील तर मॉड्यूल पॅरामीटर किंवा सिसएफएस (/सिसखाली दिसणाऱ्या कर्नलच्या आभासी फाइली) पुरे. ड्रायव्हरला नोंदी बाहेर पाठवायच्या असतील तर कॅरेक्टर डिव्हाइस (फाइलसारखं वाचता येणारं उपकरण) द्या आणि एखाद्या डीमनला, म्हणजे मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामला, त्यातून वाचून फाइलमध्ये लिहू द्या. आम्ही सुरुवातीला नोंदी थेट कर्नलमधूनच लिहीत होतो. त्याचं काय झालं ते पुढे सांगते.

उपकरणाला लागणारा तयार डेटा, म्हणजे फर्मवेअर किंवा आमचं कॅलिब्रेशन, आणायचा असेल तर रिक्वेस्ट_फर्मवेअर वापरा. त्याला पाथ द्यायचा नसतो, फक्त फाइलचं नाव द्यायचं. ते /लिब/फर्मवेअर/अपडेट्स, /लिब/फर्मवेअर आणि त्यांच्या आतल्या कर्नल आवृत्तीच्या नावाच्या फोल्डरांमध्ये शोधतं. जागा बदलायची असेल तर फर्मवेअर_क्लास मॉड्यूलचा पाथ हा पॅरामीटर आहे. फाइल पूर्ण वाचून मेमरीत मिळते, डेटा आणि साइझ अशी दोन फील्डं असतात, आणि काम झालं की रिलीज_फर्मवेअर. सुरक्षा तपासण्यांचे हुक या वाटेवर आधीपासून बसवलेले आहेत. त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी हेच निघालं, आणि आज आमचं कॅलिब्रेशन याच मार्गाने येतं. फक्त एक काळजी घ्या. ड्रायव्हर कर्नलमध्येच बिल्ट-इन असेल तर तो सुरू होतो तेव्हा रूट फाइल सिस्टिम माउंट झालेलीच नसते. मग फाइल डिस्कवर डोळ्यांना दिसत असूनही ड्रायव्हर "सापडली नाही" म्हणतो. अशा वेळी फाइल इनिट्रॅमएफएसमध्ये (बूट होताना आधी मेमरीत येणाऱ्या छोट्या फाइल सिस्टिममध्ये) टाका, किंवा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून ठेवा.

चौथी जात म्हणजे फाइल हीच तुमची साठवणूक असणं. लूप डिव्हाइस हे याचं उत्तम उदाहरण: एका फाइलला डिस्कसारखं वागवायचं. त्याची पद्धत शिकण्यासारखी आहे. तो स्वतः पाथ उघडत नाही. यूजर स्पेसमधला प्रोग्राम फाइल उघडतो, तिचा डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा क्रमांक) आयओसीटीएलने, म्हणजे ड्रायव्हरला आज्ञा देणाऱ्या सिस्टिम कॉलने, देतो, आणि कर्नल एफगेट करून ती फाइल धरून ठेवतो. हक्कांची तपासणी यूजर स्पेसच्या ओपनच्या वेळीच झालेली असते. तुम्हाला ही वाट घेता येत असेल तर नक्की घ्या. एफगेट मात्र त्या प्रोसेसच्या कॉन्टेक्स्टमध्येच करा, कारण डिस्क्रिप्टर क्रमांक तिच्याच टेबलातला असतो. वर्कक्यूमध्ये (कर्नलच्या स्वतःच्या थ्रेडवर नंतर चालणाऱ्या कामांच्या रांगेत) जाऊन तोच क्रमांक शोधला तर भलतंच काही हाती लागेल किंवा काहीच लागणार नाही. घेतलेल्या फाइलचा एफ_मोड, म्हणजे ती वाचायला उघडली आहे की लिहायला, स्वतः तपासा. वाचण्यासाठी न उघडलेली फाइल तशीच कर्नल_रीडला दिली तर नव्या कर्नलमध्ये वॉर्निंग छापली जाते, आणि वॉर्निंगवर पॅनिक चालू असलेलं यंत्र तिथेच थांबतं. काम झालं की एफपुट करून ती सोडा.

तरीही कर्नलनेच उघडायला हवी अशी खरी कामं असतात. प्रोसेस अकाउंटिंग स्वतःची नोंदवही उघडतं, कोअर डंप लिहिला जातो, नेटवर्कवर फाइली देणारे एनएफएस सर्व्हर व केएसएमबीडी, आणि नेटवर्क फाइलींची स्थानिक प्रत ठेवणारं कॅशफाइल्स हे सगळे आतून फाइली हाताळतात. तुमचं काम या पंगतीतलं असेल तर पुढे वाचा.

कुठे उभं राहून?

फाइल उघडताना डिस्कची वाट बघावी लागू शकते, म्हणजे झोपावं लागू शकतं. म्हणून इंटरप्ट हँडलरमध्ये (हार्डवेअरने हाक मारताच चालणाऱ्या कोडमध्ये), टायमरच्या कॉलबॅकमध्ये किंवा स्पिनलॉक (धरल्यावर झोपता येत नाही असं कुलूप) धरलेला असताना फाइल उघडता येत नाही. इंटरप्टमधून काही लिहायचंच असेल तर डेटा बफरमध्ये ठेवा आणि वर्कक्यूला काम द्या. थ्रेडेड इंटरप्ट हँडलरमध्ये झोपता येतं, पण डिस्क मंद असेल तर पुढचं वाचन रखडेल. माझ्या मते वर्कक्यूच बरी.

तुमचा कोड फाइल सिस्टिमच्या किंवा ब्लॉक डिव्हाइसच्या खालच्या थरात चालत असेल तर आणखी सावध राहा. मेमरी मोकळी करण्यासाठी कर्नल तुमच्याचकडे लिहायला येईल, आणि तुम्ही मेमरीची वाट बघत बसलेले असाल. दोघंही एकमेकांची वाट बघत अडकतात.

कोणाच्या नावावर?

या प्रश्नाने आमचे दोन दिवस खाल्ले. यंत्रावर एक डॅशबोर्ड होता आणि तो कंटेनरमध्ये, म्हणजे स्वतःच्या वेगळ्या फाइली दिसणाऱ्या बंदिस्त जागेत, चालायचा. "कॅलिब्रेशन पुन्हा वाच" असं बटण दाबलं की तो ड्रायव्हरला आयओसीटीएल करायचा, आणि ड्रायव्हर /ईटीसीतली फाइल उघडायचा. टर्मिनलवरून चाचणी केली की बिनचूक. डॅशबोर्डवरून केली की उणे २, म्हणजे अशी फाइलच नाही. फाइल समोर दिसतेय, हक्क बरोबर आहेत, नाव अक्षर न अक्षर तेच. शेवटी आमच्या लक्षात आलं की फिल्प_ओपनला (कर्नलच्या आतून फाइल उघडणाऱ्या फंक्शनला) दिलेला पाथ सध्या चालू असलेल्या प्रोसेसच्या रूट फोल्डरपासून आणि तिच्या माउंट नेमस्पेसमध्ये, म्हणजे तिला दिसणाऱ्या माउंटांच्या मांडणीत, शोधला जातो. आयओसीटीएल कंटेनरमधून आलेला, म्हणून ड्रायव्हरही कंटेनरच्या /ईटीसीत शोधत होता. नुसती चूक झाली म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नव्हती. कंटेनरमध्ये कोणी त्याच नावाची फाइल ठेवली असती, तर ड्रायव्हरने ती निमूट मान्य केली असती.

हक्कांचंही तसंच. तपासणी होते ती चालू प्रोसेसच्या क्रेडेन्शियल्सवर, म्हणजे ती कोणाची आहे आणि तिला कोणते हक्क आहेत यावर. वर्कक्यूमधून उघडलं तर कर्नल थ्रेडच्या नावावर, म्हणजे सिस्टिमचा मूळ रूट फोल्डर आणि पूर्ण हक्क. त्यामुळे यूजरने दिलेला पाथ वर्कक्यूमधून उघडणं म्हणजे कोणाही माणसाच्या हातात रूट यूजरची किल्ली देणं. पाथ यूजरचा असेल तर त्याच्याच कॉन्टेक्स्टमध्ये उघडा. पाथ तुमचा असेल तर वर्कक्यूमधून उघडा आणि तो अशाच फोल्डरमधला ठेवा जिथे फक्त रूटला लिहिता येतं. /टीएमपीमधला पाथ कधीही वापरू नका. तिथे कोणीही आधीच सिमलिंक (दुसऱ्या पाथकडे वळवणारी खूण) टाकून ठेवू शकतं. ओ_नोफॉलो लावल्याने फक्त शेवटच्या घटकाची सिमलिंक अडते, मधल्या फोल्डरांची नाही.

ठरावीक फोल्डरच्या खालीच शोधायचं असेल तर फाइल_ओपन_रूट आहे. आधी कर्न_पाथने तो फोल्डर धरायचा, मग त्याच्या सापेक्ष नाव द्यायचं, शेवटी पाथ_पुट. क्रेडेन्शियल्स बदलायचीच असतील तर ओव्हरराइड_क्रेड्स आणि रिव्हर्ट_क्रेड्स यांची जोडी कधी तोडू नका. जुन्या उदाहरणांत प्रिपेअर_कर्नल_क्रेडला नल दिलेलं दिसेल. २०२३ च्या ६.२ पासून ते चालत नाही.

प्रत्यक्ष उघडणं

फिल्प_ओपनला तीन गोष्टी द्यायच्या: पाथ, फ्लॅग आणि मोड. नुसतं वाचायचं तर ओ_आरडीओनली आणि मोड शून्य. नवी फाइल तयार करायची तर ओ_क्रिएट आणि मोड ०६००, त्याहून ढिला नको. सोबत ओ_लार्जफाइलही लावा. यूजर प्रोग्रामने ६४ बिट सिस्टिमवर ओपन केलं की हा फ्लॅग कर्नल आपोआप लावतो, पण फिल्प_ओपनमध्ये तो लागत नाही. त्यामुळे फाइल २ जीबीच्या पुढे गेली की एके दिवशी अचानक ओव्हरफ्लोची एरर येते. चाचणीच्या छोट्या फाइलवर हे कधी कळतच नाही.

परत आलेला पॉइंटर नल आहे का, हे तपासू नका. फिल्प_ओपन अपयशी झालं तर नल देत नाही. ते एरर क्रमांकच पॉइंटरच्या रूपात भरून देतं. पत्त्यांच्या अगदी टोकाचे ४०९५ पत्ते त्यासाठी राखलेले आहेत. म्हणून आयएस_ईआरआरने तपासायचं आणि पीटीआर_ईआरआरने क्रमांक काढायचा. नवशिक्यांच्या कोडमध्ये सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक हीच. नल नाही म्हणून कोड पुढे जातो, तो एरर क्रमांक पत्ता समजून वाचायला जातो, आणि ऊप्स, म्हणजे कर्नलच्याच आत बिघाड. उणे २ म्हणजे फाइल नाही, उणे १३ म्हणजे परवानगी नाही, उणे २१ म्हणजे तो फोल्डर आहे, उणे ३० म्हणजे फाइल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती आहे. क्रमांक लॉगमध्ये छापा. "उघडली नाही" एवढ्याने पुढच्या माणसाला काहीच कळत नाही.

उघडल्यावर ती साधी फाइल आहे ना, हे फाइल_आयनोडने तिची मूळ नोंद घेऊन बघा. साध्या फाइलऐवजी कोणी एखादा डिव्हाइस ठेवला तर वाचताना तुमचा थ्रेड तिथे वाट बघत राहू शकतो. आकार आय_साइझ_रीडने मिळतो, पण स्वतःची एक कमाल मर्यादा ठरवा आणि त्याहून मोठी फाइल सरळ नाकारा.

वाचणं आणि लिहिणं

इंटरनेटवर शोधलंत तर सेट_एफएस आणि कर्नल_डीएस वापरून व्हीएफएस_रीड करणारी उदाहरणं ढिगाने सापडतील. ती आता विसरा. व्हीएफएस_रीडला यूजर स्पेसचा पत्ता लागतो, म्हणून पूर्वी सेट_एफएसने पत्त्यांची मर्यादाच उठवून कर्नलचा बफर दिला जायचा. नावातला एफएस म्हणजे फाइल सिस्टिम नव्हे, तर जुन्या एक्स८६ प्रोसेसरचा एफएस सेगमेंट रजिस्टर. उठवलेली मर्यादा परत लावायची राहिली की यूजर प्रोग्रामला कर्नलच्या मेमरीत लिहिता यायचं. २०१० मध्ये ऊप्सनंतर मर्यादा तशीच उठलेली राहण्यातून एक गंभीर भेद्यता नोंदली गेली होती. २०२० च्या ५.१० पासून हे काढायला सुरुवात झाली आणि २०२२ च्या ५.१८ मध्ये ते पूर्ण गेलं. सिस_ओपनसारखे सिस्टिम कॉल आतून बोलावणंही बंद झालं आहे. ५.७ पासून कॉलसिम्स_लुकअप_नेमही मॉड्यूलना मिळत नाही, त्यामुळे मागच्या दाराने पत्ता शोधण्याची ती सरळ वाटही उरलेली नाही.

आता कर्नल_रीड आणि कर्नल_राइट वापरायचं. फाइल, बफर, किती बाइट्स, आणि पोझिशनचा पत्ता, याच क्रमाने. हा क्रम २०१७ च्या ४.१४ पासूनचा आहे. त्याआधी पोझिशन थेट आकडा म्हणून जायची, आणि कर्नल_रीडमध्ये तर दुसऱ्या जागी. जुना कोड नव्या कर्नलवर आणताना कंपायलरच्या वॉर्निंग वाचा, दाबून टाकू नका.

पोझिशन लॉफ_टी प्रकारात ठेवा आणि शून्यापासून सुरू करा. मग लूप. कर्नल_रीड मागितल्यापेक्षा कमी बाइट्स देऊ शकतं आणि तो त्याचा हक्क आहे. धन आकडा आला तर तेवढं पुढे सरका, शून्य आला तर फाइल संपली, ऋण आला तर एरर. एकाच कॉलमध्ये सगळं येईल हे गृहीत धरलेला कोड वर्षभर बरा चालतो आणि मग एखाद्या नेटवर्क फाइल सिस्टिमवर अर्धवट डेटा घेऊन पुढे जातो.

बफर स्टॅकवर घेऊ नका. ६४ बिट एक्स८६ वर कर्नलचा संपूर्ण स्टॅक १६ केबी असतो, आणि त्यात फाइल सिस्टिमच्या खोल कॉलनाही जागा हवी असते. केमॅलॉक किंवा मोठ्या बफरसाठी केव्हीमॅलॉक घ्या, जीएफपी_कर्नलसह. मजकूर वाचणार असाल तर एक बाइट जास्त मागा आणि शेवटी शून्य ठेवा. फाइलमध्ये ते शून्य नसतं. ते नसलं तर स्ट्रिंगची फंक्शनं बफरच्या पलीकडे वाचत जातात.

/प्रॉकमधल्या फाइली कर्नल_रीडने वाचायला जाऊ नका. त्यांचा आकार शून्य दिसतो, आणि ज्या फाइलला रीड_इटर नाही, फक्त जुनं रीड आहे, तिच्यावर नवे कर्नल उणे २२ देऊन नकार देतात. कर्नलमधली माहिती कर्नलला फाइल उघडून विचारायची वेळ आली असेल, तर जिथे ती माहिती तयार होते ते फंक्शन शोधा.

लिहितानाही लूप तोच. कर्नल_राइटने यश सांगितलं म्हणजे डेटा डिस्कवर पोहोचला असं नाही; तो पेज कॅशमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, गेला आहे. वीज गेली तरी टिकायला हवा असेल तर व्हीएफएस_एफसिंक करा. प्रत्येक नोंदीला नको, ईएमएमसी (यंत्रातली फ्लॅश साठवण) त्याने लवकर झिजते; ठरावीक नोंदींमागे एकदा पुरे.

बंद कोण करणार?

फिल्प_क्लोज, दुसऱ्या जागी नल. प्रत्येक यशस्वी उघडण्यामागे एकदाच, आणि एरर पॉइंटरवर कधीच नाही. मधे कुठेही एरर आली तरी बाहेर पडण्याची वाट एकच ठेवा: बफर सोडा, फाइल बंद करा, क्रेडेन्शियल्स परत ठेवा, ज्या क्रमाने घेतलं त्याच्या उलट.

हंगामातली एक रात्र. पिंपळगावजवळच्या एका शीतगृहात यंत्राचं अपडेट करायला गेले होते. डेटाचं पार्टिशन अनमाउंट करायला गेले तर "टार्गेट इज बिझी". उघड्या फाइली कोणाच्या हे दाखवणारं एलएसओएफ चालवलं तर एकही प्रोसेस नाही. सगळ्या सर्व्हिस बंद केल्या, तरी बिझीच. रीड-ओन्ली करून बघितलं, तेही नाही. बाहेर ट्रक उभा, आत मालकांची घालमेल, आणि मी रिकाम्या यादीकडे बघत बसलेले. फाइल आमच्याच ड्रायव्हरने लिहिण्यासाठी उघडली होती आणि एका एररच्या वाटेवर बंद करायची राहिली होती. कर्नलने उघडलेली फाइल कोणत्याही प्रोसेसच्या डिस्क्रिप्टर टेबलात नसते, म्हणून एलएसओएफला ती दिसत नाही. फाइलने मात्र माउंट धरून ठेवलेला असतो. मॉड्यूल काढूनही सुटका नाही, कारण पॉइंटर गेला तरी मोजणी कमी होत नाही. रीबूट हाच मार्ग उरला. त्यानंतर आम्ही नोंदी लिहिण्याचं काम डीमनकडे दिलं.

म्हणून फाइल उघडी धरून ठेवणार असाल तर ती सोडायला लावणारी एखादी आज्ञाही ठेवा, आयओसीटीएल असो की सिसएफएस. काम लगेच संपणारं असेल तर उघडा, वाचा, बंद करा, एकाच फंक्शनमध्ये. कर्नल थ्रेडमधून बंद केल्यावर शेवटची आवराआवर थोडी उशिराही होऊ शकते, त्यामुळे त्याच क्षणी केलेलं अनमाउंट एकदा नाकारलं गेलं तर लगेच घाबरू नका. प्रोसेस मरत असतानाच्या हुकमधून मात्र पाथ उघडू नका. तोवर तिची फाइल सिस्टिमची माहिती सोडून दिलेली असते आणि फिल्प_ओपन नल पॉइंटरवर आपटतं.

अँड्रॉइडसाठी लिहीत असाल तर तिथल्या कर्नलने ही फंक्शनं एका वेगळ्या नेमस्पेसमध्ये ठेवली आहेत. तिचं लांबलचक नावच सांगतं की मी खरोखर फाइल सिस्टिम आहे, ड्रायव्हर नाही. ते नाव स्वतःच्या मॉड्यूलमध्ये लिहिण्याआधी आपण खरंच फाइल सिस्टिम लिहितोय का, हे तपासा.

चाचणी

रोजच्या कामाच्या लॅपटॉपवर नको. क्यूईएमयूमध्ये व्हर्च्युअल मशीन उभं करा, तिथल्या कर्नलचे हेडर बसवा आणि शक्य असेल तर कर्नल स्वतः बांधा. त्यात डीबग_अ‍ॅटॉमिक_स्लीप, लॉकडेप, कासान आणि केमेमलीक हे चुका पकडणारे पर्याय चालू ठेवा. पहिला पर्याय चालू असला की झोपू नये तिथे झोपलात की डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) लगेच ओरड होते. तो बंद असताना तोच कोड शंभर वेळा बरा चालतो.

मग मुद्दाम बिघडवा. फाइल नसताना, रिकामी असताना, फोल्डर असताना, २ जीबीहून मोठी असताना, परवानगी काढून घेतल्यावर आणि कंटेनरमधून बोलावल्यावर, प्रत्येक वेळी योग्य क्रमांक येतो का बघा. लिहिण्याची चाचणी छोट्या पार्टिशनवर करा आणि ते पूर्ण भरू द्या. यातल्या प्रत्येक चाचणीनंतर ते पार्टिशन अनमाउंट करा. अनमाउंट झालं नाही, तर फाइल कुठेतरी अजून उघडी आहे. शेवटी मॉड्यूल घालण्या-काढण्याचा लूप रात्रभर चालू द्या आणि सकाळी पुन्हा एकदा अनमाउंट करून बघा.